हात यंत्राला दिला, कान कुणाला द्यायचा?

धुळ्याहून महामार्गाने मालेगावच्या दिशेने निघालं की दहाएक किलोमीटरवर लळिंगचा किल्ला दिसतो. समजा, एका रविवारी सकाळी तुम्हाला तिथे रेडिओ घेऊन चढायचं आहे. गाणी ऐकायचा रेडिओ नव्हे, ज्यावरून आपणही जगाला हाक मारू शकतो असा. हौशी रेडिओचा, म्हणजे हॅम रेडिओचा, परवाना तुमच्याकडे आहे आणि घरच्या पत्त्याबाहेर संच चालवण्याचे नियम तुम्ही वाचलेले आहेत. पाठपिशवीत पंजाएवढा संच, छोटी लिथियम बॅटरी, झाडावर टाकायला वीस मीटर तार, दोरी, वही, पेन्सिल आणि भरपूर पाणी आहे. आता एकच वस्तू उरली, मॉर्स पाठवायची कळ. कोणती न्यायची?

प्रश्न दुकानातला वाटतो. वजन किती, किंमत किती, कुठे मिळेल, एवढाच. पण तो जरा उलटून पाहिला की आत दुसरा प्रश्न सापडतो. आपलं म्हणणं दुसऱ्यापर्यंत पोचवताना त्यातलं किती काम आपण स्वतः करायला हवं? किती यंत्रावर सोपवलं तरी ते म्हणणं आपलंच राहतं? फोनने सुचवलेलं ‘थँक्यू सो मच’ एका टिचकीत पाठवताना हाच प्रश्न समोर येतो, पण इतक्या वेगाने निघून जातो की हाती लागत नाही. मॉर्सच्या कळीत मात्र तो सुटा करून पाहता येतो, कारण तिथे एका अक्षरातलं आपलं काम किती आणि यंत्राचं किती, हे मोजता येतं.

एका टिंबाची किंमत

आधी थोडी ओळख. भारतातली तार सेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. टीव्हीवर शेवटच्या तारांच्या रांगा दाखवल्या गेल्या आणि बहुतेकांनी मॉर्सला तेव्हाच निरोप दिला. हॅम मंडळींनी दिला नाही, आणि त्यामागे निव्वळ जुन्याचं प्रेम नाही. रेडिओवर माणसाचा आवाज पाठवायला साधारण अडीच हजार हर्ट्झची जागा लागते, मॉर्सला शे-दीडशे हर्ट्झ पुरतात. सगळी शक्ती त्या चिंचोळ्या जागेत एकवटते. म्हणून आवाज जिथे खरखरीत बुडून जातो, तिथे मॉर्सचा बारीक सूर तरीही ऐकू येतो. डोंगरावर बॅटरीवर चालणारा संच बहुधा पाच वॅटचा असतो, म्हणजे घरातल्या लहान एलईडी बल्बाइतका. एवढ्या शक्तीत हवामान आणि आकाश अनुकूल असेल तर हजारो किलोमीटरवरचा माणूस उत्तर देतो.

२००३ साली जिनिव्हाच्या जागतिक रेडिओ परिषदेत मॉर्सची आंतरराष्ट्रीय सक्ती उठली आणि निर्णय ज्या त्या देशावर सोपवला गेला. भारताने त्यानंतरही वरच्या, जनरल दर्जाच्या परवान्यासाठी मॉर्स ठेवलं, मिनिटाला आठ शब्द. खालचा रिस्ट्रिक्टेड दर्जा मात्र मॉर्सविना मिळू लागला.

मॉर्सचा सगळा हिशेब एका टिंबावर उभा असतो. टिंब एक मात्रा, रेघ तीन मात्रा. एकाच अक्षरातल्या दोन खुणांमध्ये एक मात्रा शांतता, दोन अक्षरांमध्ये तीन, दोन शब्दांमध्ये सात. प्रमाण शब्द पन्नास मात्रांचा धरतात. म्हणजे मिनिटाला आठ शब्दांच्या वेगात एक टिंब दीडशे मिलिसेकंदांचं आणि वीस शब्दांच्या वेगात साठ मिलिसेकंदांचं. शांतताही मोजलेली असते, हे इथे महत्त्वाचं आहे. मॉर्समध्ये अर्थाचा निम्मा भार न वाजलेल्या वेळेवर असतो.

आता कळी. पहिली, सर्वांत जुनी, हॅमच्या भाषेत स्ट्रेट की. आपण तिला साधी कळ म्हणू. वर-खाली होणारा एक दांडा, खाली टेकला की सूर वाजतो, उचलला की थांबतो. टिंब किती, रेघ किती, मधली शांतता किती, सगळं मनगट ठरवतं. दुसरं पॅडल. उभ्या दोन पाकळ्या, एक अंगठ्याकडे, एक तर्जनीकडे. अंगठा दाबला की टिंबांची रांग, तर्जनी दाबली की रेघांची रांग. दोन्ही एकदम चिमटीत धरले की टिंब-रेघ आलटून पालटून. मात्रांचा हिशेब संचातलं कीअर नावाचं सर्किट ठेवतं. इंग्रजी ‘सी’ हे अक्षर म्हणजे रेघ-टिंब-रेघ-टिंब. साध्या कळीवर त्याला चार दाब लागतात. पॅडलवर तर्जनी जरा आधी लावून एक चिमटा धरला की काम झालं. पाचशे अक्षरं पाठवल्यावर हा फरक हाताला चांगलाच कळतो.

काचेचा हात

साध्या कळीच्या बाजूने बोलणारे लोक हौशी रेडिओत पुष्कळ आहेत, आणि त्यांचं म्हणणं हलकं नाही. साध्या कळीवर पाठवणाऱ्याचा ‘हात’ ऐकू येतो. कुणाची रेघ जराशी लांब, कुणाचा शेवटचा टिंब घाईत, कुणी नाव पाठवताना मध्येच श्वास घेतल्यासारखा थांबतो. आवाज नाही, चेहरा नाही, तरी माणूस ओळखता येतो. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांच्या ऐकणाऱ्या तुकड्यांनी जर्मन ऑपरेटर असेच ओळखले. संदेशाचा अर्थ लागला नाही तरी हात ओळखीचा असे, आणि तो हात काल कुठे होता, आज कुठे आहे, यावरून सैन्याची हालचाल समजे. कीअर हे सगळं पुसून टाकतो. त्याचं टिंब जळगावात आणि जपानात सारखंच. मग बोललं कोण, असं ही मंडळी विचारतात.

अमेरिकेत २००६ साली सुरू झालेला स्ट्रेट की सेंच्युरी क्लब याच निष्ठेवर उभा आहे. तिथे इलेक्ट्रॉनिक कीअर चालत नाही. पण त्यांच्याच नियमांत एक फट आहे, आणि ती फार बोलकी आहे. तिथे ‘बग’ चालतो. बग म्हणजे १९०४ साली होरेस मार्टिन यांनी पेटंट घेतलेली, पुढे व्हायब्रोप्लेक्स नावाने गाजलेली कळ. तिच्या पात्याला वजन लावलेलं असतं. अंगठ्याने ढकललं की पातं थरथरतं आणि टिंबं आपोआप पडत जातात. रेघा तेवढ्या हाताने काढायच्या. म्हणजे अर्धं काम स्प्रिंगवर सोपवलेलं चालतं, सगळं सर्किटवर सोपवलेलं चालत नाही. क्लबने आपल्या खेळाची हद्द आखली, त्यात गैर काही नाही. पण स्प्रिंग अस्सल आणि ट्रान्झिस्टर नक्कल, याला नैतिक आधार शोधू गेलं तर तो सापडत नाही.

बग जन्माला का आला, हेही पाहू. दिवसभर साधी कळ दाबणाऱ्या तार-कारकुनांचे हात निकामी होत. बोटं आखडत, मनगट ऐकेनासं होई. अमेरिकेतले कारकून त्याला ‘काचेचा हात’ म्हणत. ब्रिटनमध्ये हा तारवाल्यांचा आजार १९०८ साली कामगार भरपाईच्या यादीत घेतला गेला. म्हणजे आज आपण ज्याला अस्सलपणा म्हणतो, तो रविवारी दोन तास पुरवायचा असेल तर सुंदर आहे. पोटासाठी रोज दहा तास करणाऱ्याला तो दुखणं होता. कष्टाला मोल असतं, पण दुसऱ्याच्या दुखऱ्या मनगटाकडे बोट दाखवून आपण त्याला अस्सल म्हणणं फारसं शोभत नाही.

याच रांगेतलं आणखी एक उदाहरण तुमच्या खिशात आहे. २०१८ साली गूगलने जीबोर्डमध्ये मॉर्सचा कीबोर्ड आणला, एक बटण टिंबाचं, एक रेघेचं. त्यामागे तानिया फिनलेसन यांचं काम होतं. त्यांना जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे आणि त्या मॉर्सवरून संवाद साधतात. जिला बोटं हवी तशी हलवता येत नाहीत, तिच्यासाठी मात्रांचा हिशेब यंत्राने ठेवला तर तिचं बोलणं कमी तिचं होतं का? कुणीही ‘हो’ म्हणणार नाही. मग धडधाकट हाताने पॅडल वापरल्यावर ते कमी आपलं होतं, हे तरी कशाच्या जोरावर म्हणायचं?

लिहिणाऱ्याची सोय, वाचणाऱ्याची सोय

आतापर्यंतचा वाद पाठवणाऱ्याभोवती फिरला. हात कुणाचा, कष्ट कुणाचे, ओळख कुणाची. ऐकणारा त्यात आलाच नाही. त्याला आणायचं तर धुळ्यातच एक चांगली जागा आहे.

वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात वारले. मराठ्यांच्या इतिहासाची साधने २२ खंडांत छापणारा हा माणूस गावोगाव फिरून दप्तरं गोळा करत असे. त्यांच्या मागे लगेच १९२७ मध्ये धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ उभं राहिलं आणि कागद तिथे जपले गेले. अशा दप्तरांतला बराचसा मजकूर मोडीत असतो. मोडी का? कारण लेखणी न उचलता झरझर लिहिता येतं. दिवसाला ढीगभर पत्रं लिहिणाऱ्या कारकुनासाठी ती वरदान होती. बाळबोध, म्हणजे आपली नेहमीची देवनागरी, लिहायला त्या मानाने संथ, पण वाचायला सोपी. मोडीत प्रत्येक कारकुनाचं वळण वेगळं, सरावलेला वाचक वळणावरून लिहिणारा ओळखतो. आणि नेमकं तेच वळण शंभर-दोनशे वर्षांनंतरच्या वाचकाला अडवून धरतं. २०२३ साली जुन्या कागदांतल्या कुणबी नोंदी शोधण्याचं काम राज्यभर निघालं, तेव्हा गावोगाव मोडी वाचणाऱ्यांचा शोध घ्यावा लागला. घरातल्या मुलाच्या दाखल्याचं पुढे काय होणार, हे कुठल्यातरी जुन्या कारकुनाच्या अक्षरावर आणि ते लावू शकणाऱ्या एका माणसावर अवलंबून होतं.

त्या कारकुनाला दोष देण्यात अर्थ नाही. त्याचा वाचक शेजारच्या कचेरीतला होता आणि त्याला मोडी येत होती. पण मुद्दा पक्का आहे. लिहिण्याचे कष्ट वाचले की ते नाहीसे होत नाहीत, अनेकदा वाचणाऱ्याकडे सरकतात. पाठवण्याचंही तसंच आहे. साध्या कळीवरचा माझा ढंगदार, लहरी हात मला माझी ओळख वाटेल. लळिंगवरून निघालेला माझा पाच वॅटचा सूर कुठेतरी दूर, पंख्याच्या आणि चार्जरच्या खरखरीतून ओढून काढणाऱ्या माणसाला मात्र तो निव्वळ मोडीचा कागद वाटू शकतो. अशा वेळी कीअरची नीटस टिंबं ही त्याच्यावरची मेहेरबानी आहे.

हौशी रेडिओत १९२८ पासून एक आचारसंहिता फिरते, पॉल सेगल यांनी लिहिलेली. तिच्यातला पहिलाच गुण म्हणजे दुसऱ्याचा विचार. कुणी मागितलं तर सावकाश, धीराने पाठवणं हेही त्यात येतं. हॅम लोकांची एक रीतही आहे. समोरचा ज्या वेगाने हाक मारतो, त्याच वेगाने उत्तर द्यायचं. तुम्हाला तिशीचा वेग येत असेल आणि नवखा पोरगा आठच्या वेगाने चाचपडत असेल, तर तुम्ही आठवर उतरायचं. म्हाताऱ्या माणसाबरोबर बाजारात निघालो की आपण आपोआप पाऊल आखडतं घेतो, तसं. म्हणून कळ निवडताना ‘मला कशावर मजा येते’ याच्याआधी ‘माझं पाठवलेलं कुणाला उतरवून घ्यायचं आहे’ हे विचारायला हवं.

नीटस अक्षरातली चूक

एवढ्यावर पॅडल जिंकलं, असं वाटेल. पण पॅडलचीही एक खोड आहे, आणि ती आजच्या काळात जास्त ओळखीची वाटेल.

इंग्रजी ‘एस’ म्हणजे तीन टिंबं, ‘एच’ म्हणजे चार, आकडा पाच म्हणजे पाच. साध्या कळीवर हात थकला की अक्षर डळमळतं. टिंबं कमी-जास्त होतात, अंतर बिघडतं, आणि ऐकणाऱ्याला कळतं की इथे काहीतरी गडबड आहे. तो पुन्हा विचारतो. पॅडलवर अंगठा क्षणभर जास्त रेंगाळला तर चार टिंबांची पाच होतात, पण पाचही टिंबं अगदी मापात, स्वच्छ, ठामपणे जातात. ‘एच’ चुकलाय असं कुठेही ऐकू येत नाही, खणखणीत ‘पाच’ ऐकू येतो. काही कीअरमध्ये तर चिमटा सोडल्यावर आणखी एक खूण आपणहून जोडली जाते, त्याला मोड बी म्हणतात. मोड एमध्ये चिमटा सोडला की चालू खूण पुरी होऊन थांबते. एका मोडची सवय असलेला हात दुसऱ्या मोडच्या संचावर बसला की नीटस चुकांचा पाऊस पडतो.

यंत्राने आपला हात स्वच्छ केला की आपली शंकाही पुसली जाते. वेड्यावाकड्या अक्षरातलं पत्र वाचताना आपण आपोआप सावध असतो, छापील कागदावर मात्र चटकन विश्वास ठेवतो. तेव्हा यंत्राची नीटसता घेणाऱ्यावर एक जादा जबाबदारी येते. जे पूर्वी हाताच्या थरथरण्यातून आपोआप कळत होतं, ते आता स्वतःहून सांगावं लागतं. मॉर्समध्ये त्यासाठी खूण आहे, सलग आठ टिंबं, म्हणजे ‘चुकलं, पुन्हा सांगतो’. पॅडल वापरणाऱ्याने ती साध्या कळीवाल्यापेक्षा जास्त मोकळेपणाने वापरायला हवी.

जेवले का?

कीअरच्या पुढच्या पायरीवर स्मृती येते. ठरावीक वाक्यं साठवून ठेवायची आणि एका बटणावर पाठवायची. डोंगरावर ‘सीक्यू, सीक्यू’, म्हणजे ‘कुणी आहे का’, ही हाक पन्नास वेळा मारावी लागते. ती बटणावर टाकली तर कुणाचं काही बिघडत नाही. शिवाय भाकरीचा घास घेता येतो.

पण त्याच बटणांवर आणखी एक गोष्ट ठेवली जाते, ५९९. भेटलेल्या प्रत्येकाला त्याचा सूर कसा ऐकू आला, हे तीन आकड्यांत सांगायची पद्धत आहे. पहिला आकडा किती समजलं, दुसरा सूर किती जोरात, तिसरा सूर किती शुद्ध. ५९९ म्हणजे उत्तमोत्तम. स्पर्धांमध्ये सगळेच सगळ्यांना ५९९ देतात, घाईत त्याचं ‘५एनएन’ होतं. आणि लगेच त्याच माणसाला विचारतात, तुमचं नाव पुन्हा सांगा, नीट ऐकू आलं नाही!

हे खोटं बोलणं झालं का? लगेच ‘हो’ म्हणू नये. खान्देशात रस्त्यात कुणी भेटलं की ‘काय भाऊ, जेवले का?’ म्हणतात. दुपारचे बारा असोत की चार, विचारणारा ताट वाढून बसलेला नसतो आणि ‘हो, जेवलो’ म्हणणारा नेहमी जेवलेला असतोच असं नाही. तरी यात कुणी कुणाला फसवत नाही. शब्द प्रश्नाचे आहेत, काम नमस्काराचं आहे, आणि ते दोघांनाही माहीत आहे. स्पर्धेतलं ५९९ हे त्याच जातीचं. दोन्ही बाजूंना ठाऊक आहे की हा आकडा नसून हात हलवणं आहे.

प्रश्न येतो तो एक बाजू खरोखर विचारत असते तेव्हा. भर मे महिन्यात चव्वेचाळीस अंशांत डोंगरावर बसलेल्या मुलाने तार पूर्वेऐवजी उत्तरेकडे ताणून पाहिली आहे. आधीपेक्षा बरं ऐकू येतंय का, हे त्याला जाणून घ्यायचं आहे. त्याला बटणावरचं ५९९ पाठवणं म्हणजे उपाशी माणसाच्या ‘जेवायला आहे का?’ला ‘हो, जेवलो’ म्हणण्यासारखं आहे. शब्द तेच, पण या वेळी ते काम चुकवतात. बटणाला हा फरक कळत नाही. तो ओळखायला ऐकावं लागतं.

शेवटची पायरी म्हणजे ऐकणंही सोपवणं. फोनचा माइक संचाच्या स्पीकरला लावला की मॉर्स उलगडून पडद्यावर अक्षरं दाखवणारी ॲप आहेत. सूर जोरकस असेल आणि हात यंत्राचा असेल तर ती छान चालतात. बारीक सुराला, माणसाच्या डळमळत्या हाताला ती अडखळतात. म्हणजे ज्याला ऐकलं जाण्याची सगळ्यांत जास्त गरज, त्याच्याच वेळी. आणि दोन्ही टोकांना असंच असेल, इकडे बटण बोलतंय, तिकडे ॲप ऐकतंय, तर संदेश पोचेलही, भेट मात्र झालेली नसेल.

माझ्या मते रेघ इथे ओढावी. साधी कळ चांगली आणि पॅडल वाईट अशी ती नाही. मनगटाचे कष्ट यंत्राला द्यावेत, मात्रांचा हिशेबही द्यावा, पन्नास वेळा मारायची हाकही द्यावी. समोरच्याकडे लक्ष देणं आणि आपल्याला काय समजलं, काय नाही, हे खरं सांगणं मात्र देऊ नये. हात सोपवला तर आपली एक लकब जाते. कान सोपवला तर समोरचा माणूसच जातो.

उतरवून घेणारे

ऐकणाऱ्याचं मोल भुसावळसारख्या रेल्वेच्या गावाला वेगळं सांगायला नको. मुंबईहून येणारी लाइन तिथे दोन वाटांना फुटते, एक नागपूरकडे, एक खांडव्यामार्गे इटारसीकडे. एकेरी मार्गावर पुढच्या स्टेशनाने ‘लाइन क्लियर’ दिल्याशिवाय गाडी सोडता येत नाही. ही विचारणा तारेवरून चालत असे त्या काळात पाठवणाऱ्याचं वळण सुंदर आहे की नाही, याला काडीची किंमत नव्हती. पलीकडच्याने नेमकं काय ऐकलं आणि तसं कळवलं का, यावर समोरासमोर येऊ शकणाऱ्या दोन गाड्यांतल्या माणसांचे जीव होते. आजही फोनवर लाइन क्लियर देताना स्टेशनं एकमेकांना एक ‘प्रायव्हेट नंबर’ देतात. त्याचा अर्थ एवढाच, की हे मी ऐकलं, मी दिलं, याला मी जबाबदार. ‘सीन’ची निळी खूण फोन लावतो. हा नंबर माणसाला द्यावा लागतो.

आणि जळगावला तर ऐकणाऱ्याचं ऋण फार मोठं आहे. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. घरकाम करता करता, शेतात, जात्यावर त्यांच्या ओव्या होत गेल्या. मुलगा सोपानदेव आणि नात्यातले पितांबर चौधरी यांनी त्या ऐकून उतरवून ठेवल्या. बहिणाबाई १९५१ मध्ये गेल्या, पुस्तक १९५२ मध्ये आलं. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. त्या ओव्यांमधला हात बहिणाबाईंचाच, त्यात शंका नाही. पण घरातल्या कुणी ‘आई काहीतरी गुणगुणतेय’ एवढ्यावरच सोडून दिलं असतं, तर तो हात आपल्यापर्यंत आला नसता. मॉर्समध्येही ऐकून लिहिण्याला उतरवून घेणंच म्हणतात.

तर मग पिशवीत काय?

आता लळिंगवर न्यायच्या कळीकडे येऊ. शिकताना साध्या कळीपासून सुरुवात करा. मात्रा एकदा स्वतःच्या मनगटातून गेल्या की दुसऱ्याचा डळमळता हात ऐकताना कीव येत नाही, ओळख पटते. महिना-दोन महिन्यांनी पॅडल घ्या आणि मोड ए किंवा बी, एकच धरून ठेवा.

डोंगरासाठी पॅडलच बरं. साधी कळ खाली दाबायची असल्याने तिला टेकायला सपाट जागा लागते. पॅडल आडवं दाबायचं असल्याने ते हलकं असेल तर बोटांबरोबर सरकत जातं. म्हणून घरचं जड बुडाचं पॅडल घरीच ठेवावं. प्रवासाचं छोटं पॅडल डाव्या हातात धरावं किंवा पट्ट्याने मांडीला बांधावं. पाकळ्या झाकल्या जातील असं पाहा, कारण आपल्याकडची उन्हाळ्यातली धूळ संपर्कबिंदूंवर बसते आणि टिंबं गळायला लागतात. कोरा कागद मधून सरकवला की बहुतेक वेळा काम भागतं. हलते भाग नसलेली, नुसत्या स्पर्शाची पॅडल्स सुटसुटीत असतात, पण घामेजलेली बोटं त्यांना फसवू शकतात. परदेशी कळ मागवली तर टपाल आणि सीमाशुल्क जोडून किंमत बरीच चढते. हॅक्सॉ ब्लेडचे दोन तुकडे, लाकडाचा ठोकळा, चार स्क्रू आणि इअरफोनसारखी तीन भागांची पिन, एवढ्यात घरी केलेलं पॅडल नीट चालतं, आणि बिघडलं तर डोंगरावर दुरुस्तही होतं.

बटणांवर हाक ठेवा, स्वतःचं नाव ठेवा. ५९९ ठेवू नका. ते तीन आकडे दर वेळी बोटांनी पाठवा, जसं ऐकू आलं तसे. ३३९ असेल तर ३३९. पलीकडच्याला थोडं वाईट वाटेल, मग तो आपली तार जरा उंच बांधेल, आणि तुम्ही पेन्सिल हातात घेऊन पुन्हा ऐकाल.